वेताची खुर्ची

"थांबा पावणं, ऐकणारं बसू दे की आधी!"

असं म्हणून आमचे इंग्रजीचे प्रोफेसर भिंतीकडची वेताची खुर्ची वर्गासमोर ओढायचे, उपरण्यानं झटकायचे आणि जरा वाट बघायचे. खुर्ची रिकामीच. तिच्याकडं तोंड करून आम्ही आपापला इंग्रजी निबंध वाचायचा. खुर्ची करकरली तर निबंध पास!

हसा, हसा. मीही हसलो होतो. मग भर उन्हाळ्यात, पान हलत नव्हतं तेव्हा, मलकापूरच्या एका पोराच्या निबंधाला तो वेत मधोमध हळूच दबला. कुणीतरी टेकावं तसा. माझी शेंडी जी उभी राहिली, ती आठवडाभर पगडीत मावेना.

महाराज गादीवर होते, प्लेग नुकताच ओसरला होता. माणसं माळावरच्या झोपड्यांतून घरी परतत होती. प्रोफेसर मूळचे मुरगूडचे, अंगानं असे की पैलवानांनी वाट द्यावी. इंग्रजी कविता म्हणायला लागले की रंकाळ्यावरच्या म्हशी रवंथ थांबवायच्या.

माझा निबंध काही पास होईना. तो झाल्याशिवाय प्रोफेसर परीक्षेला सोडणार नव्हते, आणि परीक्षा हुकली की वडील मला गुळाच्या अडतीवर बसवणार होते. पन्हाळ्यावर मी वाघ शेपटीला धरून गरगरा फिरवला, ते लिहिलं. खुर्ची गप्प. दोन वाघ लिहिले. तरी गप्प.

"न्हाय पटलं तिला," प्रोफेसर म्हणाले.

"कुणाला, सर?"

"आमच्या कुटुंबाला. प्लेगात गेली. इंग्रजीचं अक्षर येत न्हवतं तिला. पण मी लिहिलेलं वाचून दाखवायचो. खोटं आलं की उठून चुलीकडं जायची."

"आणि खरं आलं की?"

"बसून ऱ्हायची."

वाघांना पुरलेलं माझं इंग्रजी खऱ्याला पुरेना. चार ओळी जमल्या. झोपडीतून घरी आलो. आईनं सवयीनं धाकट्या भावाच्या अंघोळीचं पाणी तापवलं. धाकटा माळावरच राहिला होता. पाणी निवलं, पण कुणीच ते ओतलं नाही.

शेवटची ओळ वाचली. खुर्ची करकरली. प्रोफेसर माझ्याकडं बघतच नव्हते. खुर्चीकडं बघून म्हणाले, "व्हय. मलाबी पटलं."

मी परीक्षेला बसलो. पुढच्या पावसाळ्यात प्रोफेसर गेले. नव्या सरांनी हजेरी घ्यायला तीच खुर्ची ओढली, टेकले आणि ताडकन उठले.

"आत्ता कोण बसलं होतं इथं? वेत गरम आहे!"

आम्ही सगळे पायाच्या अंगठ्यांकडं बघत राहिलो.

कॉलेजनं जुनं सामान काढलं तेव्हा ती खुर्ची मी घरी आणली. आज हे सगळं तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचलं. शेंडीपाशी गप्प. म्हशींपाशी गप्प. वाघांपाशी तर अगदीच गप्प.

धाकट्याच्या पाण्यापाशी करकरली.

आणि थोड्या वेळानं, चांगलं वजन पडल्यासारखी, पुन्हा एकदा.