सहा पिवळ्या पट्ट्या

मार्च-एप्रिल हे दोन महिने मी फक्त मोहरी चिरडली. सकाळी नऊला प्रयोगशाळेत जायचं, पाकीट उघडायचं, दाणे चिरडायचे, आकडा लिहायचा, पुढचं पाकीट. एका झाडाचं बी एका पाकिटात.

मोहरीचं तेल काढल्यावर पेंड उरते. तिच्यात मोहरीच्या झोंबरेपणामागचा घटक तसाच राहतो, म्हणून कोंबड्यांना ती फारशी सोसत नाही. हा घटक कमी असलेलं झाड शोधायचं, एवढंच माझं एमएस्सीचं काम. सापडलं तर त्याचं बी ऑक्टोबरात पेरलं जाणार आणि माझा प्रबंध जूनमध्ये संपणार. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. त्यांनी जून महिना अख्ख्या डेपोत सांगून ठेवला होता.

तपासणी सोपी असते. चिरडलेल्या दाण्यांवर पाण्याचे थेंब घालून थोडं थांबायचं. दाण्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, पाणी लागताच कामाला लागतं, त्या घटकाचे तुकडे करतं आणि त्यातून साखर सुटते. मग साखर ओळखणारी कागदी पट्टी बुडवायची. पट्टी हिरवी झाली की तो घटक भरपूर. पिवळीच राहिली तर झाड चांगलं. माझ्या पट्ट्या हिरव्या होत राहिल्या. पुढे पुढे मी बुडवायच्या आधीच 'हिरवी' असं मनात म्हणू लागले.

शेवटची सहा पाकिटं मात्र पिवळी निघाली. सहाच्या सहा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पाठ थोपटली आणि ती सहा झाडं अहवालात घ्यायला सांगितली.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते त्या काकू जन्मापासून दिल्लीत आहेत. त्या रविवारी त्यांनी काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी फेसायला सांगितली. मी दाणे तव्यावर टाकायला निघाले.

"अगं ए, भाजतेस काय! कच्ची फेसायची पाणी घालून. भाजलीस तर नाकात जाणारच नाही, बिल्कुल फिकी लागेल. आणि म्हणे मोहरीचा अभ्यास करते!"

मी हसले. मग हातातली वाटी खाली ठेवली.

कापणीच्या वेळी पाऊस आला होता आणि ती सहा पाकिटं ओलसर राहिली होती. ती मी ओव्हनमध्ये वाळवली होती. त्या ओव्हनमध्ये प्रयोगशाळेतले सगळे धुतलेलं काचसामानही वाळवतात, आणि त्यासाठी तापमान खूप चढवतात. मी तापमानाचा काटा बघितलाच नव्हता. विकर मेलं असेल तर साखर सुटणार कुठून? मग कुठलीही मोहरी पिवळीच दिसणार.

सोमवारी मी गप्प राहिले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण राहिले. मंगळवारी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं.

"टेम्परेचर देखा नहीं था?"

"नहीं मॅडम."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या. "रागावू तरी किती," असं काहीसं त्या हिंदीत पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "पहले जर्मिनेशन लगाओ."

बी उगवतं का ते बघायला ओल्या टिपकागदावर सहाही पाकिटांतले दाणे लावले, शेजारी तुलनेसाठी ओव्हनमध्ये न गेलेले. चार दिवसांनी शेजारच्या दाण्यांना पांढरी मुळं फुटली होती. माझ्या सहा पाकिटांतले तसेच. त्या झाडांचं सगळं बी त्याच पाकिटांत होतं. इतक्या उष्णतेत तो घटकही बिघडतो, त्यामुळे ती झाडं खरंच चांगली होती का, हे आता कुणालाच कळणार नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं. एका तरी झाडात तो घटक खरंच कमी असेल, असं अजून वाटतं.

वहीतल्या सहा ओळींवर मी रेघ मारली. मॅडम म्हणाल्या, "अक्टूबर में फिर से."

संध्याकाळी बाबांना फोन केला.

"बाबा, जून नाही होणार. अजून एक पीक घ्यावं लागेल."

"का? झालं काय?"

"ओव्हनचा काटा न बघता बी आत ठेवलं. मेलं सगळं."

"काटा नाही बघितला?" डेपोत नव्याने लागलेल्यांशी बोलतात तो आवाज. "मॅडमना तू सांगितलंस की त्यांनी पकडलं?"

"मी सांगितलं. एक दिवस उशिरा."

"हं. मग आता लोकांना काय सांगू? पुढचा मार्च?"

"मार्चमध्ये पीक निघेल. पुढचं मला पण नक्की माहीत नाही, बाबा."

"राहू दे," ते म्हणाले. "आता महिना सांगतच नाही कुणाला."