नायलॉनची पिछाडी

आमच्या घराण्यात कुणीतरी कधीतरी घोडदळात होतं आणि त्याचा माज बंगळुरात, राजाजीनगरच्या आमच्या दोन खोल्यांतही उतरला नव्हता. तलवार नव्हती, कागदपत्रं नव्हती. होती ती फक्त अगाडी-पिछाडी, म्हणजे घोड्याला उघड्यावर बांधायचे सुती दोर. अगाडी मानेला, पिछाडी मागच्या दोन्ही पायांना आणि टोकं जमिनीत ठोकलेल्या मेखांना. दसऱ्याला आम्ही त्या दोरांना हळदकुंकू वाहायचो. घोडा मात्र आमच्यापैकी कुणीच बाळगलेला नव्हता.

माझ्या वडिलांना, अण्णांना, ही गोष्ट फार लागायची. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात शर्यतीतून बाद झालेली एक तांबडी घोडी घेऊन आले. मालकाने कारखान्यामागची शेड वापरू दिली. बेत असा की घोड्यावरून, वाटेत मुक्काम करत तुमकूरपलीकडच्या शिरा गावापर्यंत जायचं. बंगळुरात येण्याआधी आमचे लोक तिथे राहत, असं अण्णा सांगायचे. माझी नोकरी नुकतीच सुटली होती, त्यामुळे सोबतीला मी. माझ्यासाठी जटक्याचं, म्हणजे टांग्याचं, एक म्हातारं तट्टू ठरवलं. आईने आम्हा दोघांना वेड्यात काढलं आणि दशम्या बांधून दिल्या.

घोडी देखणी होती आणि भित्री. वेल्डिंगची ठिणगी उडाली तरी थरथरायची. पण अण्णा दिसले की त्यांच्या शर्टाच्या खिशात तोंड घालून गूळ शोधायची, आणि अण्णा, ज्यांनी आम्हा मुलांना कधी जवळ घेतलं नाही, ते तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहायचे. मला हेवा वाटायचा. हे आज लिहिताना लाज वाटत नाही.

शर्यतीच्या तबेल्यातला मोतद्दार तिला पोहोचवायला आला होता. तो दोन दिवस राहिला, खरारा कसा करायचा, किती चंदी घालायची ते त्याने शिकवलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, कालु कट्टबेडी." पाय बांधू नका. ही जन्मभर बंद खोलीत मोकळी राहिलेली. पाय अडकला तर थांबणार नाही, स्वतःला मोडून घेईल.

मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं, आणि अण्णांना काही सांगितलं नाही.

त्याच वेळी शेडमध्ये अण्णा पिछाडी वळत बसले होते. जुना सुती दोर कुजला होता, म्हणून त्याच मापाचा नायलॉनचा. लाकडी मेखांऐवजी त्यांनी लेथवर पोलादी मेखा काढल्या, हातभर लांब, जमिनीतून उपटून येऊ नयेत म्हणून खाचा पाडलेल्या. एक जमिनीत ठोकून मला म्हणाले, "ओढून बघ." ओढून बघितलं, तसूभर हलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता. शिवाय अण्णांना आडवं बोललं की ते आठ-आठ दिवस अबोला धरत, भिंतीकडे तोंड करून जेवत. मी हिशोब केला: एकदा बांधून पाहतील, घोडीला आवडलं नाही की आपणच सोडतील. कशाला मी वाईट व्हायचं?

आम्ही पहाटे निघालो. तुमकूर रस्त्यावर लॉऱ्यांचा धूर खात, मांड्या सोलवटून घेत, नेलमंगलाच्या पुढे गेलो. दुपारी तीनच्या सुमाराला तळ्याकाठी एक आमराई दिसली. अण्णा उतरले ते राजासारखे. तंबूसुद्धा ठोकायच्या आधी त्यांनी मेखा ठोकल्या. तट्टूला बांधलं, ते तसंच उभ्याउभ्या पेंगायला लागलं. घोडीच्या वेळी अण्णा तिचं डोकं धरून उभे राहिले आणि पिछाडीची गाठ मला मारायला सांगितली.

"स्वल्प ताण अजून. सैल राहिली तर पाय गुंतेल."

मी ताणली. तिच्या पायाचं कातडं माझ्या हाताखाली थरथरत होतं. अजूनही सांगता आलं असतं.

चूल पेटवत होतो तेवढ्यात हायवेवर लॉरीचा टायर फुटला. घोडीने पुढे उडी घेतली, मागचे पाय जागेवर राहिले. ती पडली, उठली, पुन्हा ओढलं. अण्णा मेखेवर तुटून पडले, दोन्ही हातांनी उपटायला लागले. मी दोर कापायला घेतला, पण भाजीची सुरी नायलॉनवर नुसती घसरत होती. जुना दोर असता तर पहिल्या हिसक्याला तुटला असता. लाकडी मेख असती तर उपटून आली असती. आमचं काहीच तुटलं नाही, तुटला तो तिचा पाय.

गावातल्या एकाने सायकलवरून जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी पाय पाहिला आणि इंजेक्शन भरलं. अण्णांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेवटपर्यंत ती त्यांच्या खिशाशी तोंड नेत होती. खिशात गूळ होता, पण तो काढून द्यायचं अण्णांना सुचलं नाही आणि मलाही नाही. गावकऱ्यांनी तळ्याकाठी खड्डा खणून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चालत परत निघालो. तट्टू मधे, त्याच्या पाठीवर रिकामं खोगीर आणि मेखा. बसावंसं दोघांनाही वाटेना. पीण्याच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. म्हटलं, "अण्णा, त्या मोतद्दाराने मला सांगितलं होतं, पाय बांधू नका म्हणून. मी तुम्हाला बोलले नाही."

अण्णा थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "मलाही सांगितलं होतं त्याने."

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, संताप आला. सगळं माहीत असून या माणसाने ती गाठ माझ्याकडून मारून घेतली होती, आणि सगळं माहीत असून मी मारली होती. आम्ही तट्टूच्या दोन बाजूंनी चालत राहिलो. पुढच्या दसऱ्याला अण्णांनी पूजेला दोर काढायला सांगितलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.