मोबाईलवरचं कुंकू

बाबा जाऊन वर्ष झालं. डोणगावच्या घरी कपाट आवरताना त्यांचा जुना मोबाईल हाती आला. काचेच्या कडेला, कव्हरच्या फटीत, वाळून काळपट झालेलं कुंकू.

कॅनडात गेल्यावर मी पहिली गाडी घेतली. जुनीच होती, निळी. ताबा घेताना घरी व्हिडिओ कॉल लावला, तर बाबा आंघोळ करून, टोपी घालून बसलेले. समोर नारळ, उदबत्ती.

"गाडीचं तोंड माह्याकडे कर. आधी पूजा, मंग चाक हालव."

मी मोबाईल बोनेटसमोर धरला. त्यांचं कुंकवाचं बोट जवळ जवळ येत गेलं आणि माझा पडदा लाल अंधारानं भरला. शेजारी गाडीचा आधीचा मालक किल्ली घेऊन उभा होता, गालात हसत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुरे आता, बाबा," म्हणत मी कॉल कापला. नारळ त्यांच्या हातातच राहिला असणार.

आज फडकं ओलं करून काच पुसायला घेतली, तेवढ्यात आईनं हात धरला.

"राहू दे. त्याईनं कधी पुसू देलं नाही. म्हनत, पोरीची गाडी हाय त्याच्यात."