भिंत बोलूलाली

लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा कोल्हापूरहून सासऱ्यांचं पत्र आलं आणि मी ते सगळ्यांसमोर उलटं धरून वाचलं.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, ऑफिसात इंग्रजी. देवनागरी आमच्यातल्या फार थोड्यांना वाचता येई आणि त्या थोड्यांत मी नव्हतो. पण समोर अम्मा आणि दोन आत्या, खांद्यामागे नवी बायको. सासऱ्यांचं पत्र वाचता येत नाही, असं जावयानं म्हणायचं तरी कसं? मी कागदावर नजर फिरवली, दोनदा मान डोलावली आणि म्हणालो, "सगळे खुशाल आहेत."

बायकोनं पत्र हातातून घेतलं, वाचलं, घडी केली. "हो, खुशाल आहेत," म्हणाली आणि विहिरीवर जाऊन भर दुपारी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. "उकडतंय," म्हणाली. अम्मा आत्यांना म्हणाली, "कोल्हापूरच्या पोरीला आपलं ऊन सोसत नाही की!" ते पत्र मला पुन्हा दिसलं नाही. आठवड्यानं बायकोनं पाटी आणली आणि म्हणाली, "पत्र उलटं होतं. बसा."

तीन महिन्यांत मला वाचता यायला लागलं. नव्यानं वाचायला शिकलेला माणूस नव्या सायकलवाल्यासारखा असतो. कुणाच्या तरी अंगावर जातोच. मी रायरांच्या अंगावर गेलो.

रायर म्हणजे काही त्यांचं नाव नव्हे. तमिळ लोक आमच्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांना सरसकट रायर म्हणतात. हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मोठ्या देवळाच्या भिंतीवर आपल्या भोसले राजांची वंशावळ मराठीत कोरलेली आहे, ती पाहुण्यांना वाचून दाखवायची, हा त्यांचा छंद. असे वाटाडे तुम्हीही पाहिले असतील. पण त्यांच्यासारखी सुरुवात कुणाची पाहिली नसेल. उपरण्याच्या टोकानं आधी दगड पुसायचा, बोट डोळ्यांना लावायचं, मग तेच बोट भिंतीवर टेकवून खणखणीत आवाजात वंशावळ सुरू. कुणी वाहवा केली की हात जोडायचे: "मी नव्हे बा, भिंत बोलूलाली."

बोलूलाली म्हणजे बोलते आहे. आमच्या मराठीचं हे रूप ऐकून बायको पहिल्यांदा पदराआड हसली होती.

साठ सालानंतरची गोष्ट. अमेरिकेतल्या एका कॉलेजची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे आमच्या कॉलेजात राहायला येऊ लागली. सकाळी वर्ग आणि दर शनिवारी सहल. एकदा तिरुवैयारूला गाणं ऐकायला, एकदा पापनाशमला भाताची शेतं बघायला. त्यांच्याबरोबरच्या बाईंना सगळ्यांत आवडे ते मोठं देऊळ, म्हणून शनिवारी कुठंही गेलो तरी देवळात फेरी ठरलेली. ऑफिसातला कारकून म्हणून सहलींचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हौसेनं इंग्रजीत भाषण पाठ केलं.

पहिल्याच शनिवारी कळसाकडे हात करून मी जाहीर केलं, "या कळसाची सावली जमिनीवर पडत नाही." एक उंच मुलगा म्हणाला, "मग आम्ही कशात उभे आहोत?" दगड तापलेले, पाय अनवाणी. अठराच्या अठरा मुलं सावलीत दाटीवाटीनं उभी होती.

हसणं थांबेना. तेवढ्यात कोपऱ्यातून रायर पुढे आले, दगड पुसला, बोट डोळ्यांना लावलं. पोरं एकदम चिडीचूप. भाषा कळत नव्हती, पण म्हातारा आपल्या राजांशी बोलतो आहे एवढं त्यांना कळत होतं. त्या दिवसापासून बाईंनी फर्मावलं, देवळात रायर हवेत.

रायर पुतळ्यासारखे ताठ झाले. त्यांची वेष्टी, म्हणजे धोतर, तीही ताठ. एकदा मला म्हणाले, "अरे, शनिवारी सून वेष्टीला खळ घालून देते. सकाळची कापी मोठ्या लोट्यात देते. आठवड्यातून एक दिवस घरात मी माणूस असतो की बा."

हे मी ऐकलं होतं. पुढचं केलं ते हे ऐकून घेतल्यावर केलं.

झालं असं, की आता मला वाचता येत होतं आणि मी त्यांच्या बोटाकडे पाहू लागलो. तोंडात एका राजाला मुलगा होईपर्यंत बोट भलत्याच राजाच्या नातवावर पोचलेलं असे. दोन शनिवार मी खात्री करून घेतली. रायरांना एक अक्षर येत नव्हतं. बापाकडून ऐकून सगळं पाठ केलेलं.

मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण माझ्या सावलीवर अठरा जण हसले होते.

त्या मुलांत एक मुलगी होती, तिकडे वर्षभर हिंदी शिकून आलेली. तिला मी हळूच सांगितलं. मग तिसऱ्या शनिवारी रायरांनी दगड पुसल्यावर म्हणालो, "रायर, रोज तिथूनच काय? आज शेवटच्या दगडावरून वाचा."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चार पावलं सरकले, शेवटचा दगड पुसला, बोट डोळ्यांना लावलं आणि रोजची सुरुवात म्हणू लागले: "श्री..."

मुलगी वाकली आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "पण इथं तर 'पुत्र' लिहिलंय."

बोट तिथंच राहिलं. रायरांनी पुन्हा म्हटलं, "श्री..." आवाज निम्म्यानं खाली. हसायला सुरुवात कुणी केली ते सांगतो. मी केली. बाईंनी विचारलं, काय झालं? मी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. त्यांचं पालुपदही शिकवलं, अर्थासकट.

परतताना गाडीत तो उंच मुलगा पुढच्याच्या पाठीवर बोट फिरवून ओरडला, "मी नव्हे बा, भिंत बोलूलाली!" आठवडाभर तेच. हॉटेलात भावफलकावर बोट, बसच्या पाटीवर बोट. देवळापुढच्या फुलवाल्या तमिळ बायकासुद्धा रायर दिसले की भिंतीला बोट लावून दाखवायच्या. पुढच्या शनिवारी बाईंनी विचारलं, "भिंत तुम्हीच वाचाल ना?" मी वाचली. अडखळत, पण बरोबर. पोरं जांभया देत होती.

त्यानंतर एका दुपारी रायर आमच्या दारात उभे. वेष्टी चुरगळलेली. उपरण्याच्या आतून त्यांनी पाटी काढली. कोरी, किमतीचा कागदही न काढलेली.

"मला शिकवशील? फार नको. त्या भिंतीपुरतं. तुझी पुढची पोरं येईपर्यंत जमेल."

"आता या वयात कशाला, रायर?" मी म्हणालो. वर विनोदही केला, "तुमची भिंत बोलते की!"

ते हसले. खरंच हसले, माझं मन राखायला. माझ्या बायकोनं आतून ताक आणून दिलं. ते त्यांनी उभ्यानंच घेतलं, भांडं खाली ठेवलं आणि पाटी पुन्हा उपरण्यात झाकून गेले. जाताना रस्त्यानं न जाता मागच्या गल्लीनं गेले. रस्त्यावर फुलवाल्या बसत.

पुढे कळलं, ते पापनाशमला मुलीकडे राहायला गेले. पुढच्या उन्हाळ्यात नवी मुलं आली, बाई त्याच. देवळात बाईंनी विचारलं, "तो म्हातारा कुठं आहे?" मी म्हणालो, "गावाला." त्या म्हणाल्या, "त्याचं वाचणं छान होतं." मी म्हणालो, "त्यांना वाचता येत नव्हतं." त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे."

त्याच पावसाळ्यात पापनाशमहून कार्ड आलं. मुलीनं तमिळमध्ये लिहिलेलं. रायर गेले होते. मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझी नेहमीची थट्टा केली, "बघ, या वेळी सरळ धरलंय."

तिनं हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं, विहिरीवर गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर पाऊस पडत होता, उकडत मुळीच नव्हतं.

ओल्या केसांनी ती आत आली तेव्हा मी म्हणालो, "अगं, ते आपले कुणी नव्हते. अंघोळ कसली?"

केस पुसता पुसता ती म्हणाली, "कोल्हापूरहून पत्र आलं होतं, आठवतं? मावशी गेल्याचं होतं ते. आईमागं तिनंच मला वाढवलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, खुशाल आहेत. मी पण म्हटलं, खुशाल आहेत."