पायाखालची हिरवी वाळू

२००५च्या सुमारास आम्ही नेदरलंड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहत होतो. मी आयटीत, आणि पुण्याच्या कॉलेजात सात वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवलेली माझी बायको कागदोपत्री माझी ‘डिपेंडंट’. हा शब्द तिला बोचायचा. बोलायची नाही, पण कुठलाही सरकारी फॉर्म आला की तेवढा रकाना मला भरायला लावायची.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही उत्तरेकडच्या एका बेटावर गेलो. ओहोटीला तिथे दूरवर वाळू उघडी पडते. एक निवृत्त डच गृहस्थ लोकांना ती हिंडवून दाखवत. चालता चालता मी एका ओलसर, हिरवट पट्ट्यावर थांबलो, तर बायको ओरडलीच, “अरे, बाजूला हो! जिवंत आहे ते!”

ती गुडघ्यांवर बसली. गाईडकडून सुरी घेऊन तिने केक कापावा तसा वाळूचा तुकडा कापला. वर हिरवा थर, मध्ये जांभळट, खाली काळा. सडक्या अंड्यांसारखा वास आला. बाकीच्यांनी नाकं मुरडली, हिचा चेहरा मात्र खुलला.

“तुम्हाला यातलं कळतं?” गाईडनी डचमध्ये विचारलं.

“मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे,” ती डचमध्येच म्हणाली. ‘होते’ नाही, ‘आहे’.

“मग तुम्हीच सांगा की!”

तिचं डच तेव्हा क्लासच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतच आलेलं. शब्द अडले की हातवारे करत ती सांगत होती. हे सूक्ष्मजीव वाळूचे कण धरून थरावर थर रचतात. शेकडो कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात असेच थर साचून त्यांचे दगड झाले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तसे खडक आजही वाढतायत. इथे हिवाळ्यातली वादळं सगळं मोडून टाकतात, म्हणून दगड होत नाही. “पण आपल्या श्वासातला ऑक्सिजन,” ती म्हणाली, “हवेत सोडायला यांच्याच पूर्वजांनी सुरुवात केली.”

मघाशी नाकं मुरडणारे आता त्या तुकड्यावर वाकून बघत होते. मी तिला शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात गाईडनी तिला बोलावून घेतलं आणि एक गट तिच्या हवाली केला. मी सगळ्यांत मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन. माझ्या शेजारून चालणाऱ्या एका आजींनी हळूच विचारलं, “तुम्हालाही यातलं कळतं का हो?”

“फारसं नाही,” मी म्हणालो, “पण ती माझी बायको आहे.”