काहून?

आमच्या अकोल्याच्या केबलवर रात्री अकराला राजकारणाचा कार्यक्रम करणारा हा माणूस रोज सकाळी माझ्या गाळ्यावरून झेंडूचे हार न्यायचा. हार पाहुण्यांसाठी. सुरुवातीला तीन-तीन पुढारी यायचे आणि असे भांडायचे, की पार पातूर गावापर्यंतची कुत्री उठून बसायची. हा मध्येच हळू आवाजात एकच शब्द टाकायचा, "काहून?" त्यावर पुढाऱ्यांना इतका घाम फुटायचा, की दुसऱ्या दिवशी खुर्च्या उन्हात वाळत घालाव्या लागत.

हळूहळू पुढारी यायचे बंद झाले. याने कार्यक्रम बंद केला नाही. एक हार न्यायचा, रिकाम्या खुर्चीला घालायचा, प्रश्न विचारायचा आणि कॅमेऱ्याकडे बघत दोन मिनिटं उत्तराची वाट पाहायचा. अख्खं गाव श्वास रोखून ती शांतता पाहायचं.

परवा त्याने विचारलं, "मंडईची जागा बिल्डरच्या घशात गेली, तवा तुमी गप्प बसले. काहून?"

घरात मी एकटाच होतो. तोंडातून निघून गेलं, "मले त्याच्या बिल्डिंगीत कोपऱ्यावरचा गाळा भेटला ना, भाऊ."

पडद्यावर त्याने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. मी टीव्हीची वायर उपटली. तरी तो लिहीतच होता.

सकाळी तो नेहमीसारखा आला. मी हार ओवायला घेतला.

"आजचा जरा मोठा करजा," तो म्हणाला. "तुमच्या गळ्यात बसंल असा."