अर्धा आटा आणि अख्खी मिशी

माझ्या आतेभावाने नव्वदच्या दशकात मुंबईहून लाल रंगाची, दोन दारांची, दोन टर्बोंची जपानी मोटार आणली. वापरलेली होती, पण जळगावजवळच्या आमच्या असोद्यात तिला कोण जुनी म्हणणार? केळीच्या ट्रॅक्टरमागे ती पहिल्यांदा गावात शिरली तेव्हा गतिरोधकावर तिचं पोट अडकलं. चौघांनी उचलून तिला अलीकडून पलीकडे ठेवलं. ताशी अडीचशेच्या गाडीचा हा आमच्याकडचा पहिला प्रवास.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, हवेबरोबर जादा पेट्रोल जातं आणि जोर वाढतो. फक्त ते पेट्रोल पेट्रोल असावं लागतं. आमच्याकडे रेशनच्या दुकानात रॉकेल संपलं की समजायचं, ते पंपावर पोचून पेट्रोल झालं. मोटारीने ते पहिल्याच टाकीला ओळखलं. पाय दाबला की इंजिनातून टक् टक् आवाज यायचा, जणू आत कुणी दार वाजवतंय.

धुळ्याला ट्रकच्या इंजिनांवर आयुष्य काढलेला एक म्हातारा मिस्तरी होता. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"भाऊ, गाडी वाघ शे," तो म्हणाला. "पन आपला पंप तिले गवत चारस."

ठिणगी पडायच्या आधीच हलकं पेट्रोल पेट घेतं, तो हा आवाज, असं त्याने आम्हा दोघांना समजावलं. ऐकू आला की पाय काढायचा, नाहीतर पिस्टन जाईल. मग त्याने ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं आणि हवेचा जोर ठरवणारा स्क्रू तीन आटे सैल केला. आवाज गेला. जोरही बराच गेला. आतेभावाचं तोंड असं पडलं की जणू त्याच्या वाघाला कुणी दावणीला बांधलं.

त्याच आठवड्यात माझं पत्रक निघालं होतं. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, गावातल्या लबाड्या छापून वाटायची पत्रकं होती. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. माझ्या पत्रकाचा मथळा होता, 'पंपावर पेट्रोल मिळते काय?' पंपमालक पानाच्या टपरीवर आतेभावाच्या रोजच्या बैठकीतला. तिथेच सगळ्यांसमोर आतेभाऊ मला म्हणाला, "तुझं पत्रक म्हणजे निव्वळ जळफळाट. ह्याच पंपावर टाकी भरतो आणि तासाभरात धुळं गाठतो. नाही गाठलं तर मिशी काढीन."

"आणि गाठलं तर?"

"तर तू माफीचं पत्रक काढ. स्वतःच्या नावानं."

मी हात पुढे केला. सत्य माझ्या बाजूला होतं. सत्याला पैजेची काय भीती!

रविवारी सकाळी पंपावर टाकी भरली. आतेभावाने बॉनेट उघडून तो स्क्रू अर्धा आटा आवळला. "मिस्तरी ट्रकवाला माणूस," तो म्हणाला, "त्याला रेसमधलं काय कळतं?" मी साक्षीदार म्हणून शेजारी बसलो.

एरंडोल मागे पडलं. कापसाच्या ट्रॉल्या, म्हशी आणि एक लग्नाची जीप चुकवून आम्ही पारोळा ओलांडला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. पुढे मोकळा, सरळ रस्ता. त्याने पाय पुरता दाबला. गाडी खरोखर झेपावली. आणि त्या झेपेखाली मला ऐकू आलं, टक् टक्.

त्याने गाण्याची कॅसेट मोठ्याने लावली होती, त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. मी 'पाय काढ' एवढं म्हणायला हवं होतं. मी घड्याळ बघत बसलो. माझ्या तत्त्वाला त्याचा पिस्टन हवा होता.

दोन मैलांवर धाडकन आवाज झाला आणि मागे निळा धूर. धुळ्यात आम्ही शिरलो ते एका ट्रॅक्टरला दोर बांधून, सव्वातीन तासांनी. मिस्तरीने इंजिन खोललं आणि अंगठा जाईल एवढं भोक पडलेला पिस्टन बाकावर ठेवला.

"पेट्रोल वाईट शे, हाई तुले माहीत व्हतं," तो आतेभावाला म्हणाला. "मंग आटा कसाले फिरावा?" मग माझ्याकडे वळला. "आन तू रे? तुले आवाज ऐकू उना नही का?"

मी पिस्टन उचलला आणि त्याच्या भोकात अंगठा जातो का ते पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी असोद्याच्या न्हाव्याकडे अर्धं गाव गोळा झालं. आतेभावाने खुर्चीत बसून मिशीवर बोट ठेवलं. न्हाव्याने वस्तरा खाली केला आणि हळूच विचारलं, "आबा बरे हायेत ना?"

तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावर. आणि बाप, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, काठी टेकत दुकानाच्या दारात उभे होते.

"मी जित्ता हाये अजून," आबा म्हणाले.

"आबा, शब्द दिलाय त्यानं," मी म्हणालो. "चारचौघांत."

"असं? तुह्या पत्रकात सारं खरंच छापतं ना रे? मंग छाप, आबा मेला म्हणून. बोलव गावाले तेराव्याले. त्याच्यानंतर उतरू दे मिशी."

दुकान हसलं. आतेभाऊ माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या डोळ्यांत, देवाशपथ, पाणी होतं. गाडी गेल्याचं नव्हतं ते. मी म्हणालो, "पैज माफ."

मला वाटलं, उदारपणा केला. पण ट्रॅक्टरचा दोर पाहिला होता धुळ्याने. न्हाव्याकडचं बोलणं दुकानातच राहिलं; बाकीच्यांनी पाहिली ती नुसती मिशी. आठवडाभरात जळगावपासून चोपड्यापर्यंत सगळ्यांना पक्कं कळलं की मिशी शाबूत आहे, म्हणजे गाडी तासाभरात धुळ्याला पोचली आणि पंपाचं पेट्रोल बावनकशी आहे. आतेभावाने ते कधी खोडलं नाही. विचारलं की तो नुसता मिशीवरून हात फिरवी.

मी टपरीवर खरं सांगायला उभा राहिलो. पिस्टन, भोक, रॉकेल, सगळं सांगितलं. पंपमालकाने शांतपणे ऐकून घेतलं, पानाची पिचकारी टाकली आणि विचारलं, "ते राहू द्या, पत्रकवाले. माफीचं कधी काढताय?"